बाबांच्या गाण्यातला आवंढा

मंगळवार, ४ मार्च

— आणि बाईंच्या मोबाइलमधून बाबांचं गाणं सुरू झालं. कुणा अनोळखी गायिकेच्या आवाजात.

मी त्यांच्या उजव्या कानात ऐकायचं मशीन बसवत होते. दवाखान्यात आमची पद्धत आहे. नवं मशीन बसवलं की माणसाने घरून आणलेलं, पाठ असलेलं एखादं गाणं लावायचं. आठवणीतलं आणि कानातलं जिथे जुळत नाही, तिथे मशीन दुरुस्त करायचं. आज बिनसलं ते माझ्या कानात.

तीच चाल. तेच शब्द — दिवा लावून ठेव, मला उशीर होईल. बाबा 'ठेव'वर सूर लांबवू लागतात आणि तो मध्येच तुटतो. आवंढा गिळल्यासारखा. मग पुढची ओळ. बाईंच्या गाण्यात तो आवंढा नाही. सूर सरळ लांब जातो, अलगद उतरतो.

मी म्हटलं, हे माझ्या वडिलांचं गाणं आहे. मी झाले त्या दिवशी केलेलं.

बाई हसल्या. "अगं, मी कॉलेजात होते तेव्हाची तबकडी ही. तुझे वडील तेव्हा चड्डीत असतील." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "ऐकून शिकले असतील गं. छान म्हणतात का?"

छान म्हणतात.

गाणं माझ्या मोबाइलवर घेतलं. मशीन नीट न लावताच बाईंना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात या म्हटलं. असं मी कधी करत नाही.

बुधवार, ५ मार्च

बाबांशी बोलायचं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

अबोला वाया चालला आहे. बाबांना तो ऐकूच येत नाही.

मीच त्यांच्या कानाचं माप घेऊन मशीन करवलं, ते दोन वर्षं कपाटात पडून आहे. "मला सगळं ऐकू येतं. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." शेजारीण म्हणते, दिव्याखाली अंधार. मी ताट ठेवते. ते काहीतरी विचारतात, उत्तरही स्वतःच देतात, जेवून उठतात. आज वाटलं, विचारतील — गप्प का? त्यांनी मीठ मागितलं.

कपडे घड्या करताना स्वतःशी गुणगुणत होते. तेच. 'ठेव'वर आवंढा आला. मी खोलीतून उठून गेले.

शनिवार, ८ मार्च

नीट लिहायला हवं. गाणं दुसऱ्याचं निघालं, एवढंच असतं तर हसून सोडलं असतं. जगात लोक एकमेकांची गाणी उचलतात. पण मी शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं. मैत्रिणींना सांगितलं होतं. आई गेली त्या वर्षी त्या गाण्याशिवाय मला झोप लागत नसे, आणि मी जागी राहायची ती त्या आवंढ्यासाठी. मला वाटायचं, तिथे त्यांना मी दिसते. नुकती जन्मलेली. तिथे गळा भरून येतो.

मूळ गाण्यात तो नाही. म्हणजे बाबांनी तो वरून घातला. गाणं चोरलं आणि वर गहिवर लावला. माझ्यासाठी, दर वेळी, न चुकता.



रविवार, ९ मार्च

धाकट्याचा फोन. सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"बरं झालं ताई. तू झालीस तर गाणं, आणि मी झालो तर म्हणे बाबांना ताप. चाळीस वर्षं ऐकतोय."

मी हसले नाही. 

"विचार की त्यांना," म्हणाला. "पण आधी त्यांना मशीन घाल. नाहीतर ओरडशील आणि शेजाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल."

सोमवार, १० मार्च

दवाखान्यातून आले ती तशीच त्यांच्या समोर बसले. कपाटातलं मशीन काढलं, नवा सेल घातला. पेशंटला सांगते तशा आवाजात म्हटलं, कान पुढे करा. आवाजाचाच परिणाम असावा. त्यांनी केला.

गाणं लावलं. त्यांचा चेहरा बघत राहिले.

पहिल्या ओळीला ओळखलं. मान खाली. 'ठेव'ला मान एकदम वर.

"इथे काय झालं?"

"काही नाही. गाणं असंच आहे."

"पुन्हा लाव."

लावलं. तीनदा ऐकलं त्यांनी. मग बोलले, माझ्याकडे न बघता. मी झाले त्या दिवशी त्यांना इस्पितळात आत सोडत नव्हते. दिवसभर समोरच्या चहाच्या दुकानात बसून होते. दुकानदाराकडे तबकड्या दोन. त्यातली एक फुटलेली. "हीच वाजत होती. संध्याकाळपर्यंत पाठच झाली. त्या जागी चरा होता. सुई उडायची. मला वाटलं, गाणंच तसं आहे."

"म्हणजे तो आवंढा —"

"कसला आवंढा?"

त्यांना माहीतच नव्हतं. मी जिथे स्वतःला बघत आले होते तिथे काहीच नव्हतं. एक चरा होता.

"मग माझ्यासाठी केलं असं का सांगितलंत?"

"मी कुठे? तू विचारायचीस, हे कुणाचं गाणं. एवढीशी होतीस. म्हटलं, तुझं, तू झालीस त्या दिवसाचं. तू शाळाभर सांगून आलीस. दिलेलं परत कसं मागायचं पोरीकडून?"

"खरं सांगता आलं असतं."

"आलं असतं," म्हणाले.

मी ताटं वाढली. जेवताना कुणी बोललं नाही. या वेळी त्यांना ते ऐकू येत होतं.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी बाबा मशीन घालून आरशासमोर दाढी करत होते. गुणगुणत. 'ठेव' आला. सूर सरळ लांब गेला, अलगद उतरला.

मी दारातून हळूच म्हटलं, "तसं नाही. पूर्वीसारखं म्हणा."

त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं. वळून म्हणाले, "ते चुकीचं होतं गं."