पूल रडतो म्हणून

माले, ३ सप्टेंबर

चि. सायलीस रंभाआत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तुमची खुशाली कळवावी.

फोनवर बोलायला गेले की तुझे आतोबा कान देऊन बसतात, म्हणून पत्र. आपला नदीवरचा दगडी पूल बंद केला गं. तपासणीची माणसं आली, बाजूच्या भिंतीनं पोट काढलेलं पाहिलं आणि पाडावाच लागेल म्हणाली. आपली भाताची खाचरं सगळी पलीकडे. लांबचा वळसा आतोबांच्या गुडघ्यांना झेपायचा नाही. शेत सोडावं लागेल या विचारानं ते खंगलेत.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांनीच माणसं जमवून पुलाची डागडुजी केली होती. भिंतीतल्या भोकांतून पावसाळाभर पाणी ठिबकायचं. ते म्हणायचे की आपलं एवढं वझं वागवतोय आन् पूल रडतोय, हे बरं न्हाई. सगळी भोकं सिमेंटनं लिंपून घेतली. एवढं करूनही ही दशा! तू पुलांचंच शिकलीस, एकदा येऊन बघ. माया आहेच तुझी, म्हणून हक्कानं लिहिते.

तुझी रंभाआत्या

भूगाव, १० सप्टेंबर

ती. रंभाआत्यास सायलीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी पूल बघायला आले, पण आतोबांसमोर मला बोलवेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं झालंय. ती भोकं म्हणजे गळती नव्हे. बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवली होती. कमानींच्या वर, दोन भिंतींच्या मध्ये माती-दगडांचा भराव असतो. त्यात मुरलेलं पाणी तिथून बाहेर पडायचं. वाट बुजली, पाणी आत साचलं आणि त्यानं भिंत ढकलली. कमानी मात्र अजून ठणठणीत आहेत. तसं मी आमच्या साहेबांकरवी खात्याला कळवलंय. भोकं उघडून भिंत चुन्यात पुन्हा बांधली, तर पूल वाचेल.

त्यांना सांभाळून सांग. पुरात मला खांद्यावर बसवून ते याच पुलावरून शाळेत पोचवायचे. मी इंजिनिअर झाले ती त्या खांद्यामुळे, हे मी विसरलेली नाही. अशीच दोघांची छाया राहू दे.

तुझी सायली

माले, ४ ऑक्टोबर

चि. सायलीस आशीर्वाद.

पूल पाडायचं रद्द झालं! पायी जायला मोकळीकही मिळाली.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ऐकलं आणि गोठ्यात जाऊन म्हशीची पाठ खाजवत उभे राहिले. मग म्हणाले की भलं कराया गेलो आन् नरडंच दाबलं.

काल भोकं उघडायला माणसं आली, तर हे न बोलावता काठीच्या आधारानं खाली उतरले आणि भिंतीला लागून उभे राहिले. पहिलं भोक मोकळं झालं आणि गढूळ पाणी भसकन यांच्या अंगावर आलं. माणसं ओरडली की आबा, बाजूला व्हा. हे हलले नाहीत. म्हणाले की पडू द्या, वरीसभर कोंडून ठिवलंतं मी.

पोरी, तुझे उपकार फेडायचे नाहीत, असेच अंगावर राहू देत. दिवाळीला ये, भात तयार होईल.

तुझी रंभाआत्या