फक्त दोघांनीच जायचंय

मु. पो. आपलं तेच, चितेगावच्या पुढं
गुरुवार, कडाक्याची थंडी

चि. सुदर्शन यास दाजींचा शेकोटीपाशी बसून आशीर्वाद.

तू, सोनिया आणि लेकरं खुशाल असाल. नसाल तर लगेच व्हा, कारण या पत्रातून तुझ्यावर एक कामगिरी येणार आहे आणि ती आजारी माणसाला झेपणारी नाही. (कामगिरी शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तू पुढचं वाचणार नाहीस.) इकडे आईची तब्येत वयाच्या मानानं उत्तम, आमच्या थोरल्या कडुबादादाचा आवाज होता तेवढाच मोठा, ज्वारी हुरड्यात आली आहे आणि तुझी ताई ठणठणीत आहे. मात्र गावात कुणी विचारलं तर तिचा गुडघा दुखतो आहे. का, ते पुढं कळेलच. आजच्या काळात पत्र कसलं लिहिता, असं तू म्हणशील. बाबा रे, आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. रेंज येते पारावर, आणि पारावर दिवसभर दादाची बैठक. तिथून फोन करणं म्हणजे गावात दवंडी देणं. मेसेज लिहावा तर माझा मोबाईल घरातल्या सगळ्यांचा आहे, चार्जिंगला लावायचा असला की तेवढा माझा. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. तिथल्या माणसानं मला वर-खाली न्याहाळून विचारलं, "काकासाहेब, घरी समदं ठीक हाय ना?"

मूळ गोष्ट अगदी साधी आहे. पुढच्या शनिवार-रविवारी मला आणि तुझ्या ताईला शहरात यायचं आहे. फक्त दोघांनाच. तू तेव्हा लहान होतास, पण आमचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. मी तिकडं खोली करून राहायचो आणि ही इथं, आईच्या हाताखाली. सकाळच्या पहिल्या एसटीनं हिनं बांधलेला डबा माझ्याकडं यायचा. कंडक्टर तो ड्रायव्हरच्या मागं ठेवायचा आणि स्टँडवर आम्ही खेड्यापाड्यातली पोरं सायकली घेऊन वाट बघत उभी. डब्यात बाजरीच्या भाकरी, ठेचा, कधी शेपूची भाजी, आणि परीक्षा असली की कोपऱ्यात गुळाचा खडा. चिठ्ठी-बिठ्ठी घालायची सोय नव्हती (कंडक्टर आपल्याच गावचा), त्यामुळं तो खडा म्हणजेच सगळं काही. तुला म्हणून सांगतो, तो खडा गालात तसाच धरून मी पेपर लिहायला जायचो. तर मागच्या आठवड्यात चुलीपाशी शेकत बसलो असताना ही सहज म्हणाली, "येवढे डबे धाडले, पर ते जायचे कुठं, ते काय म्या बघितलं नाय." शहरात ती पुष्कळदा आली आहे, पण लग्नाला, मयतीला नाहीतर दवाखान्याला. माझं कॉलेज तिनं पाहिलेलं नाही. मला एकदम फार वाईट वाटलं आणि फार आनंदही झाला. वाईट का ते उघड आहे. आनंद यासाठी, की इतक्या वर्षांनी तिनं माझ्याकडं काहीतरी मागितलं आणि ते माझ्या आवाक्यातलं निघालं.

बेतही ठरला. जीपबिप काही नाही, डबा यायचा त्याच सकाळच्या एसटीनं जायचं. स्टँडवर उतरून मी सायकल कुठं लावायचो ती जागा दाखवायची. मग माझी खोली (असेल तर), कॉलेजचा लिंब, आणि त्याखालचा कट्टा जिथं मी डबा उघडायचो. संध्याकाळी क्रांती चौकात स्वेटर-मफलर बघत हिंडायचं, रात्री जेवायला नान-खलिया. आणि रविवारी सकाळी तिनं ऊन अंगावर येईपर्यंत झोपायचं आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा प्यायचा. ही शेवटची अट तिची. बाकी काही नसलं तरी चालेल, पण चहा दुसऱ्यानं केलेला पाहिजे, असं तिनं बजावून सांगितलं आहे.

आता अडचण बघ. आमच्या घरात नवरा-बायको हिंडायला गेले, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. दादासमोर उभं राहून "मी हिला फिरवायला नेतो" म्हणायचं माझ्या जिभेला जमेना. म्हणून मी म्हणालो, हिच्या गुडघ्याला दाखवायचं आहे. झालं! दवाखान्याला कुणाला एकटं जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या भावकीचा रिवाज मी रागाच्या नाही पण लाजेच्या भरात साफ विसरलो. दादा गरजला, "बाईमाणसाचा गुडघा आन् तू येकटा? आमी काय मेलोत व्हय?" संध्याकाळपर्यंत चुलतभाऊ गोकुळची जीप ठरली, दोन चुलत्या ठरल्या, पथ्याचा डबा ठरला, दवाखान्यात रात्र काढावी लागली तर म्हणून गोधड्या ठरल्या. तुझ्या ताईला लंगडावं लागलं ते निराळंच. बिचारी सकाळी डाव्या पायानं लंगडायची आणि दुपारी उजव्या. शेजारची म्हातारी एरंडाची पानं गरम करून घेऊन आली आणि ठणठणीत गुडघा तासभर शेकून गेली.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की डॉक्टर रजेवर आहेत, मात्र जमिनीच्या कामासाठी वकिलाला भेटायला जावंच लागणार. जमीन म्हटल्यावर दवाखान्याची माणसं गळतील असा माझा हिशेब. दवाखान्याची माणसं कायम राहिली आणि वर जमिनीची आली. भाऊबंदकीतले जे दोघे पाच वर्षं माझ्याशी बोलत नव्हते ते अंगात कोट घालून दारात उभे. बांधाचं काय ते आमच्यासमोर होऊन जाऊ दे म्हणाले.

यानंतर मी जे केलं ते तू सोनियाला सांगू नकोस. मी सांगून बसलो की तुझ्या भाचीसाठी, आपल्या सायलीसाठी, एक स्थळ आलं आहे आणि मुलगा नुसता लांबून बघून यायचं आहे. (लांबून म्हणजे दोघांपुरतं, असा माझा समज.) सुदर्शन, पोराला बघायला जायचं म्हटल्यावर आपल्याकडं कोण घरी थांबतं? एका जीपच्या दोन झाल्या. दादा म्हणाला, आधी पोराच्या बापाची विहीर बघू. चुलत्यांनी ठेवणीतली लुगडी उन्हात टाकली. कुणीतरी पुण्याला फोन केला आणि सायलीनं मला पारावर फोनवर बोलावून अख्ख्या बैठकीसमोर असं फैलावर घेतलं की दादासुद्धा खाली मान घालून बसला. शेवटी मला सांगावं लागलं की मुलगा व्यसनी निघाला. तर आता सगळे त्या पोराचं नाव-गाव विचारतायत, कारण दुसऱ्या कुणाची लेक फसू नये!

हरलो, पण डोकं शाबूत होतं. काल रात्री जेवताना हळूच म्हणालो, शनिवार-रविवारी कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, बायकोला आणायची सक्ती आहे, आणि दोन्ही दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाषणं आहेत. गोकुळला जीपचं चाक आठवलं, चुलत्यांना पापड आठवले. दादा तर म्हणाला, "तुमी दोघंच जा बाबा. आमाला कुठं कळतंय त्यातलं." मला भाकरीचा घास गिळवेना इतकं हसू येत होतं. सुटलो म्हणेपर्यंत आईनं विचारलं, उतरणार कुठं? आता, शहरात सख्खा मेहुणा असताना लॉजवर उतरणं म्हणजे मेहुण्याचं नाक कापणं. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि दादाला तर फारच ठाऊक आहे.

तेव्हा पत्र पुरे करतो. थंडी फार आहे, कान बांधून फिरत जा. लेकरांना गोड पापा.

तुझा,
काकासाहेब दाजी

ता. क. कामगिरी अशी. आम्ही तुझ्याकडं उतरणार असं मी सांगितलं आहे. प्रत्यक्षात मी क्रांती चौकाजवळ एका लॉजवर खोली घेतली आहे. (दोघांचं आधार कार्ड आणा म्हणाले, तर मला उगाच घाम फुटला.) दादाचा फोन आला तर सांगायचं की दाजी आंघोळीला गेलेत. पुन्हा आला तर पुन्हा आंघोळीला. तू रागावू नकोस. तुझं घर मला परकं नाही, पण हर्सूलला आलो की सोनिया चार भाज्या करणार, तुझी ताई पदर खोचून तिच्या मदतीला उभी राहणार, आणि तिचा चहा गेला तो गेलाच.

दुसरी ता. क. ही तुझ्या ताईची आहे. सुदर्शा, हे पत्र उशीखाली सापडलं. डिंक नव्हता म्हणून पाकीट उघडंच ठेवून हे गव्हाला पाणी द्यायला गेलेत. वाचून हसू आवरेना. अरे, लंगडून लंगडून माझी कंबर धरली तेव्हा त्याच रात्री मी सासूबाईंना खरं सांगून टाकलं होतं, की मला ह्यांच्यासंगं दोन दिवस हिंडायचंय. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "जा की माय. त्यात चोरी कसली? मला तर म्हाताऱ्यानं बाजारालाबी नेलं नाय कदी." आणि स्वतःची लोकरीची शाल मला काढून दिली. मला रडूच आलं. सकाळी त्यांनी थोरल्या भाऊजींना सांगितलं, भाऊजींनी गोकुळला, आणि मग कुणाला सांगायचं राहिलं नाही. वकिलापासून पुढची सगळी माणसं नुसती मजा बघायला येत होती, ह्यांना आता काय नवीन सुचतंय म्हणून. सायलीसुद्धा त्यात सामील. एक तेवढी एरंडाची म्हातारी खरी.

आता माझं काम ऐक. जीप खरंच येणार आहे, पण तुझ्याकडं. हुरड्याची पोती घेऊन सगळे तुमच्या तळ्याकाठी बसायला येतायत, सासूबाईही आहेत. त्यांना दोन दिवस पोटभर खाऊ-पिऊ घाल आणि हर्सूलच्या पुढं सोडू नकोस. तुरुंग तुमच्याच भागात आहे, लोकांना अडकवून ठेवायची सोय तशीही आहेच. थोरले भाऊजी मुद्दाम तुझ्याच अंगणात बसून ह्यांना फोन करतील, कुठं उतरलात म्हणून विचारतील. हे म्हणतील, सुदर्शनकडं. तेव्हा मोठ्यानं हसायचं नाही.

आणि ह्यांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस. आमचं लग्न अख्ख्या गावानं मिळून लावलं, मला कुणी विचारलंही नव्हतं. आता हा माणूस सगळ्या गावाला चुकवून मला पळवून न्यायला निघालाय, तर मला एकदा पळून जाऊ दे.