राजाची बहीण कारभार पाहते

३ मार्च
सईची बारावीची परीक्षा सुरू. त्यामुळे ओजससोबत गेम खेळायची ड्यूटी माझ्याकडे. लॅपटॉप असा सोपवला, जणू ऑफिसचा चार्ज देतेय. "बाबा, ऑप्शन मोठ्याने वाचायचे, मराठीत. दादाला विचारायचं, मगच क्लिक. आणि प्लीज, उगाच युद्ध सुरू करू नका यार."
ओजस बावीसचा. डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलं होतं, समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी राहील. तेवढीच राहिली. वाचता येत नाही, पण गेममधल्या राजघराण्यातला एकेक माणूस चेहऱ्यावरून ओळखतो. मला नाही ओळखता येत. सगळे दाढीवाले सारखेच.
पीथमपूरच्या फॅक्टरीतून दमून आलो होतो. काही कळलं नाही. ओजस खूष.

७ मार्च
थोडं डोक्यात शिरलं. जुन्या काळातलं राज्य. राजा मेला की गादी पुढच्याकडे, खेळ चालूच. घराण्यातल्या प्रत्येकाला सोळाव्या वर्षी एक झाड मिळतं, सई 'स्किल ट्री' म्हणते. त्याच्या फांद्या: तलवार, कारभार, मुत्सद्देगिरी, विद्या, कारस्थान वगैरे. दर काही वर्षांनी एकेक गुण मिळतो, तो हव्या त्या फांदीवर लावून वर चढत जायचं. लावलेला गुण परत मिळत नाही. फॅक्टरीच्या खरेदी खात्यात जन्म गेला माझा, ही अट लगेच कळली.
आपल्या राजाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक शब्द. मराठीत सांगायचं तर 'मंद'. त्याखाली लाल आकडे, सगळे उणे. ओजसने विचारलं, "काय लिहिलंय?" म्हटलं, राजा चांगला आहे असं लिहिलंय.
डोकं इतकं तापलं की उठून बाहेर गेलो. कोण बसून ठरवतं हे आकडे?

९ मार्च
सईला म्हटलं, असला राजा कशाला निवडलास? म्हणाली, निवडला नाही, जन्माला आला. बाकीचे खेळणारे अशा राजपुत्राला मठात पाठवतात, नाहीतर शिकारीत 'अपघात' घडवून आणतात. नेटवर तसे सल्लेच आहेत.
"मी नाही केलं तसं. त्याच्या धाकट्या बहिणीला सगळे गुण कारभारात दिले. राजा गादीवर, बहीण राज्य चालवते. मस्त चाललंय ना बाबा?"
मस्तच चाललंय. खजिना भरलेला, कुठे बंड नाही. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. पणजोबांपासून आम्ही कारभारीच. ते संस्थानच्या दफ्तरात होते. आजोबा म्हणायचे, गादीवर कोणीही बसो, कामकाज अडता कामा नये. पोरीच्या रक्तात उतरलं म्हणायचं. मेधाला, तिच्या आईला, कौतुकाने सांगितलं. ती मेथी निवडत राहिली, मान वर केली नाही.

१९ मार्च
नाद लागला मला. आज व्हेंडर समोर बसलेला आणि मी शेजारच्या राज्याशी तह करावा की नाही या विचारात.
एक गोष्ट लक्षात आली. राज्याला एवढा मोठा किनारा, पण जहाज एक नाही. बहिणीच्या झाडाला दर्यावर्दीची फांदी आहे, तिच्यावर एकही गुण नाही. आणि हे कोणाच्या खेळात, तर सईच्या! पाचवीपासून वह्यांच्या मागे जहाजं काढणारी, जहाजबांधणीच शिकणार म्हणणारी. इंदूरच्या पोरीला समुद्राचं वेड कुठून लागलं देव जाणे, इथे आपलं सगळं पाणी नळाचं.
विचारलं. म्हणाली, "जहाज घेतलं की ती दूर जाते बाबा. ती गेली की इकडे राजाविरुद्ध कट होतात. एकदा झालं होतं, मग मी जुना सेव्ह केलेला गेम उघडला वापस." हसत सांगितलं. मीही हसलो.

२ एप्रिल
परीक्षा संपली. जेवताना सई म्हणाली, "मी इथेच बी.कॉम. करते. जहाजबिहाज जाऊ दे. कॉलेज जवळ पडेल, दुपारी दादाकडे मी बघेन."
मेधाचा वाढता हात तसाच राहिला. ओजस वरणभात कालवत होता.
मला बरं वाटलं. इथे तरी खरं लिहितो. आमच्यानंतर ओजसचं काय, हा प्रश्न उशाशी घेऊन झोपतोय तो जन्मल्यापासून, आणि तो भाजी-पोळीच्या मध्ये सुटला. मोकळा श्वास घेतला. मग ताट अर्धं टाकून उठलो.

३ एप्रिल
मेधा सकाळीच तापलेली. शाळेत शिकवायला जायला उशीर झाला तरी थांबली.
"तिला विचारलं कोणी?"
म्हटलं, तीच म्हणाली की.
"म्हणणारच. बोलायला लागल्यापासून 'दादाकडे लक्ष ठेव' ऐकतेय ती. आणि तुम्ही! रोज संध्याकाळी त्या राजकन्येला बैलासारखं जुंपताय आणि वर कौतुक सांगता मला."
गेमवर काय खापर फोडायचं.  
शेवटी मेधाने फर्मान काढलं की मे महिन्यातली जहाजबांधणीची एंट्रन्स द्यायचीच. सई म्हणाली, देते. जाणार नाही.

१४ एप्रिल
आज सुट्टी. बहिणीला नवा गुण मिळाला, मी सवयीने कारभाराकडे निघालो. तेवढ्यात ओजसने माऊस ओढून राजाच्या चेहऱ्यावर क्लिक केलं. त्याचं झाड उघडलं. सगळ्या फांद्या कोऱ्या आणि वर कोपऱ्यात गुणांचा ढीग साठलेला.
राजालाही गुण मिळतात! इतरांपेक्षा हळू मिळतात, पण मिळतात. सोळाव्या वर्षापासून पडून होते. कोणी लावलेच नव्हते.
सईला हाक मारली. ती बघत राहिली. "मी याचं झाड उघडलंच नाही कधी," म्हणाली. "मला वाटलं, काय फायदा."
काखेत कळसा.  ओजस माझी बाही ओढत होता, "माझा राजा आहे. मी लावू?"

१५ एप्रिल
लावले. मी वाचत होतो, तो ठरवत होता. तलवार: "नको, लागतं." विद्या: नको. घोडेस्वारी: हो. मेजवानी: हो, हो, अजून एक.
परिणाम असा की राजा आता गावोगाव हिंडतो आणि जाईल तिथे पंगती घालतो. सई ओरडतेय, "बाबा, खजिना! भंडारे लावलेत का?" पण गावांचा राजावर लोभ जडला. कारभार बघणाऱ्या बहिणीला जमलं नव्हतं ते.
लाल आकडे तसेच आहेत. तो काही शहाणा झाला नाही. नुसता बाहेर पडायला लागला.
मेधा आज पहिल्यांदा आमच्या मागे उभी राहून बघत होती.

१० मे
मेधा आणि मी ओजसला घेऊन अन्नपूर्णा मंदिराजवळच्या कार्यशाळेत गेलो. त्याच्यासारखी मोठी मुलं तिथे लिफाफे, द्रोण बनवतात. याबद्दल आधीही कोणी सांगितलं होतं. तेव्हा आम्हीच म्हटलं होतं, तो जाणार कसा, येणार कसा.
तिथल्या शुक्ला मॅडमनी दिवसभर बसवून पाहिलं. "भाईसाहब, चिपकाता टेढ़ा है, पर काम छोड़ के उठता नहीं है. सीख जाएगा."
घरी येईपर्यंत त्याने आपला वाकडा लिफाफा हातातून सोडला नाही. रोज जायचं ठरलं. ई-रिक्षात सोबत मी, नाहीतर मेधा.

१७ मे
सईची एंट्रन्स झाली. कशी गेली? "ठीक." एवढंच.

२८ मे
ओजस एकटा गेला. पहिल्यांदा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या गुप्ताजींचा फोन, "भिया, ओजस अकेला निकला है! मालूम है ना आपको?" म्हटलं, मालूम है. आवाज माझा मलाच ओळखू येईना.
मग शुक्ला मॅडमचा फोन, पोहोचला.
ऑफिसात फायलींच्या कपाटामागे जाऊन रडलो. शिपायाने पाहिलं. धूळ गेली म्हणालो.

९ जून
जे व्हायचं तेच झालं. ओजस परत येताना चुकीच्या ई-रिक्षात बसला. घरी वेळेवर आला नाही, कार्यशाळेतून तर निघालेला. मेधा अन्नपूर्णाला, मी पार फूटी कोठी चौकापर्यंत, गुप्ताजींनी दुकान पोरावर टाकून स्कूटर काढली. शेवटी सराफा बाजारातून एका दुकानदाराचा फोन, खिशातल्या कार्डावरचा नंबर बघून. सई जाऊन घेऊन आली. दुकानाच्या पायरीवर बसला होता म्हणे, हातात कचोरी.
घरात पाऊल टाकताच सई म्हणाली, "बघितलं? म्हणूनच म्हणते मी. कोणीतरी इथे लागतंच."
 ओजस उलट रागावलेला. "मी हरवलो नाही. तुम्ही उशिरा आलात."
मेधाने ते कार्ड पुन्हा त्याच्या खिशात ठेवलं. म्हणाली, उद्या तो पुन्हा एकटाच जाईल. तिच्या धैर्याची मला भीती वाटते.

१८ जून
सईला सीट मिळाली. कोचीला, जहाजबांधणी. तेवीसपर्यंत कळवायचं. तिने बातमी सांगितली आणि त्याच दमात "मी नाही म्हणून टाकते".
गच्चीवर कपडे काढायला गेली तिथे गाठलं. म्हटलं, कारभाराची फांदी तुला आम्ही नव्हती दिली गं.
"दिली नव्हती," कपड्यांच्या घड्या करत म्हणाली. "पण दुसरी कुठली उघडून पण नाही दाखवली बाबा."
बरोबर होतं. मग जे होतं ते सांगून टाकलं. तू जावंस असं मला वाटतं आणि जाऊ नयेस असंही वाटतं. तू इथे राहिलीस तर मला शांत झोप लागेल. ती झोप मला नकोय, असं म्हणायची हिंमत होत नाही.
तिचे डोळे भरले. "मग मी काय करू? तुम्ही ठरवून सांगून टाका ना."
तेही जमलं नाही. खाली आल्यावर मेधा म्हणाली, "तिघांनी डोकी फोडली. ज्याच्यावरून चाललंय त्याला विचारलंय का कोणी?"

२० जून
ओजस रोज जातोय. वेळेवर येतोय. सई बाल्कनीतून वाट बघते, तो कोपऱ्यावर दिसला की आत पळते, त्याला कळू नये म्हणून.
अजून विचारलेलं नाही. उद्या, उद्या चाललंय.

२२ जून
आज विचारलं.
दुपारची जेवणं झाली. सई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. नकाशा नाही, गेम नाही. सरळ म्हणाली, "दादा, मला शिकायला लांब जायला मिळतंय. कोचीला. चार वर्षं. सुट्टीत येईन. जाऊ?"
 त्याचं उत्तर मी मनात लिहूनच ठेवलं होतं: जा. मेधानेही बहुतेक तेच. आम्हा दोघांना ते त्याच्या तोंडून हवं होतं, म्हणजे आम्ही सुटलो असतो.
तो म्हणाला, "नको जाऊ."
"का रे?"
"मला आवडणार नाही." उठला, खोलीत गेला, आतून कडी.
सई आधी हसली. मग अशी रडली, लहानपणी पडल्यावरही कधी रडली नव्हती. मेधा जवळ गेली तर हाताने थांबवलं. म्हणाली, "या घरात पहिल्यांदा मला कोणी सरळ सांगितलं, काय पाहिजे ते."
तोंड धुऊन आली आणि त्याच्या दाराशी बसली. कपाळ दाराला टेकवून म्हणाली, "दादा, पण मला जायचंय."
हे वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. जहाजांबद्दल इतकं बोलली, पण 'मला जायचंय' कधी नाही. आम्हाला तर नाहीच.
 आतून, "मी बोलणार नाही तुझ्याशी."
"नको बोलू."
"राग आलाय मला."
"येऊ दे."

मला उठून दार वाजवावंसं वाटत होतं. ओजसला समजवावं, सईला उठवावं, कोणाची तरी बाजू लावून धरावी. मेधाने मनगट धरून खाली बसवलं. म्हणाली, दोघंही मोठे आहेत, मध्ये पडू नका.
उद्या पाचपर्यंत कळवायचं आहे. आता दिवेलागण झाली. त्याने कडी काढलेली नाही, ती दारातून उठलेली नाही.
मी मध्ये पडलेलो नाही.