कोऱ्या पाटीचा मानकरी

ती. स्व. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला अजून दम लागतो म्हणे. जिने चढू नकोस, म्हणावं. मी अक्षरं कोरायचं मशीन आणलं आणि तू छिन्नी टाकून दुकानातून उठून गेलास, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव बघून तू हे पत्र टेबलावर पालथं टाकणार, हे मला ठाऊक आहे. टाक, पण चहा झाला की वाच.

तर झालं असं, की संस्थेच्या वार्षिक पुरस्कारांच्या पितळी पाट्या यंदाही माझ्याकडेच आल्या. (मशीनवर केल्या. दात-ओठ खाऊन झाले असतील तर पुढे वाच.) यादीत तीन ओळी. संशोधन : गांडुळांपायी तीस वर्षं घालवलेल्या एक बाई. कला : नाटकांचे पडदे रंगवणारे एक आजोबा. समाजसेवा : आणि पुढे माझं नाव. आता या यादीच्या तळाशी माझं नाव वीस वर्षं असतंच, कारण काम माझ्याकडे धाडायचं असतं! मी म्हटलं, तिसरा मानकरी ठरायचाय अजून. दोन पाट्या कोरल्या आणि तिसरी नुसती घासूनपुसून तशीच नेली.

समारंभात मी नेहमीप्रमाणे पडद्यामागे पेचकस घेऊन उभा. (पाटीचे स्क्रू ऐन वेळी ढिले होतात, ही आपली खानदानी खोड.) माइकवरून माझं नाव पुकारलं. म्हटलं, गेला एक स्क्रू! धावत स्टेजवर गेलो, गांडुळवाल्या बाईंच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि लागलो आवळायला. लोक टाळ्या वाजवताहेत, मी आवळतोय. शेवटी पाहुण्यांनी कोरी पाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "अहो, तुमची ही आहे!" फोटोत मी पेचकस छातीशी धरून उभा आहे. तुझी सून म्हणेल, काकांना पेचकस मिळाला.

पुरस्कार कशाबद्दल, तर उतारवयात दृष्टी गेलेल्यांचं ते घर आहे ना, तिथल्या दारांवर मी उठावाच्या अक्षरांच्या पाट्या बसवल्या. पूर्वी तिथले एक मास्तर रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून ऑफिसात शिरायचे. आता बोटांनी वाचतात आणि बरोबर न्हाणीघरात जातात. मशीन अक्षर आत खोदतं, दादा, वर उचलत नाही. ती सगळी अक्षरं मी तू टाकून गेलेल्या छिन्नीनं काढली, तू शिकवलीस तशीच. टाळ्या वाजत होत्या तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तू तिथे नव्हतास याचं फार वाईट वाटलं.

वहिनीला नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी त्या घरात माझा सत्कार आहे. सगळे जण पाटी बोटांनी वाचणार म्हणतात आणि ती अजून कोरीच आहे. रोज छिन्नी घेऊन बसतो, स्वतःचं नाव काढायला हात उचलत नाही. शनिवारी ये. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, गुडघा वाटेत आला.

ता. क. दुसरा. मशीन विकलेलं नाही, विकणारही नाही. तू येशील त्या दिवशी त्यावर चादर टाकून ठेवीन.

ता. क. शेवटचा. संस्थेच्या सेक्रेटरीबाईंना विचारून पाटीवर दोन ओळी आखल्यात. माझं नाव तू काढ, तुझं मी काढतो. वरची ओळ तुझी आहे.