दोन बोटांची उडी

ता. ३ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे दुखत असल्यामुळे पूर्ण वाकता आलेलं नाही, हे आधीच कळवतो.

अग्निशमन दलाच्या भरतीची तारीख लागली. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची खेप. धावणं, दोर, शिडी यांची मला भीती नाही, भीती उडीची. भिंतीला खेटून उभं राहायचं, बोटांना खडूची पूड लावून हात वर ताणायचा आणि खूण करायची. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर ती आपली उडी. गेल्या वर्षी मी दोन बोटं कमी पडलो. ती दोन बोटं मला अजून झोपेत दिसतात.

व्यायामशाळेच्या मास्तरांनी एक यंत्र दाखवलं. पाटासारखं असतं. त्यावर गुडघे थोडे वाकवून उभं राहायचं आणि ते खालून थरथरतं. पायांचे स्नायू आपोआप आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात, आणि त्याने काही जणांची उडी वाढते, असं ते म्हणाले. कोणाची, असं विचारल्यावर म्हणाले, की ते नंतरच कळतं. फी ऐकून मी पाटावरून उतरलो. उतरता उतरता डोक्यात आलं, की असं यंत्र तर आमच्या कारखान्यातच आहे! फरसबंदीचे ठोकळे पाडतो त्या साच्यांखालचं टेबल. काँक्रीटमधली हवा निघून माल घट्ट बसावा म्हणून ते दिवसभर थरथरतं. आता जेवणाच्या सुट्टीत, मालकांना विचारून, मी थोडा वेळ त्यावर उभा राहतो.

पण आमचे मिस्त्री डबा खाता खाता आज म्हणाले, की या टेबलावर आजवर जे जे ठेवलं ते खालीच बसलं. वर उडालेलं त्यांनी काही पाहिलेलं नाही. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, आणि सोबत एक टपली.

तुझं पत्र मी लाँड्रीत इस्त्री करता करता ह्यांना वाचून दाखवलं. हे इतके हसले, की एका वकिलाच्या कोटाची बाही दोनदा दाबावी लागली. मग मला विचारतात, मेहुण्याला पगार ठोकळे पाडायचा मिळतो की ठोकळा व्हायचा? मी डोळे वटारले तेव्हा कुठे गप्प बसले.

अरे, माणूस म्हणजे काँक्रीट का? काँक्रीटला कधी गुडघे असतात? मिस्त्री तुझी फिरकी घेतायत आणि तू गरागरा फिरतोयस. उभं राहायचं तर राहा, पण बाजूला कोणीतरी असू दे आणि पोटभर जेव. भरती झाली नाही तर आमची लाँड्री आहेच, असं मी म्हटलं असतं; पण तू चादरीची घडी घालतोस ती मी पाहिली आहे. चारही टोकं जुळेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. तेव्हा बाबा, उडीच मार.

काळजी थोडी कमी कर, पत्रं मात्र कमी करू नकोस.

तुझी,
ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस,

घाईतला नमस्कार गोड मानून घे.

मी खरोखरच खाली बसत चाललो आहे.

चेष्टा करत नाही. भरतीला उंचीचीही अट आहे आणि मी त्या रेघेच्या जेमतेम वर आहे. म्हणून सकाळी उठल्याबरोबर दाराच्या चौकटीवर खूण करतो आणि कामावरून आलो की पुन्हा करतो. रोज संध्याकाळची खूण खाली! मनाचे खेळ नकोत म्हणून मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी माझ्या डोक्यावर लेव्हलची पट्टी ठेवली, बुडबुडा मध्ये आणला, आणि अगदी दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून सांगितलं, की माल बसला आहे. जाताना म्हणाले, आता पाणी मारत राहा, तडे जाणार नाहीत.

शिवाय पँट लांब झाली आहे. टाचेखाली येते. टेबल सोडलं तर उडी जाते, धरलं तर उंची जाते. काय करू ते लगेच लिही.

तुझा होता तेवढा,
धाकटा


ता. २१ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. उंच हो.

तुझं पत्र वाचून मी ह्यांना दाराशी उभं केलं. सकाळी मोजलं, संध्याकाळी मोजलं. हेही खाली! आणि हे तर दिवसभर टेबलावर सोडा, स्वतःच्या पायावरसुद्धा फारसे उभे नसतात. आपल्याकडे डॉक्टरीणबाईंचे कोट धुवायला येतात. त्यांना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, की दिवसभराच्या वजनाने सगळ्यांचाच कणा किंचित दबतो आणि रात्री आडवं झालं की पुन्हा मोकळा होतो. मिस्त्रींना स्वतःला मोजून घ्यायला सांग. आणि पँट लांब नाही झाली, कंबर बारीक झाली आहे. पट्टा आवळ आणि जेवायला लाग.

आता ह्यांनी आखलेला बेत ऐक. उंची सकाळी आधी मोजतात ना? मग त्या दिवशी उठायचंच नाही. हे कपड्यांचा टेम्पो घेऊन येतील आणि तुला चादरींच्या गाठोड्यांवर आडवा घालून थेट मैदानात नेतील. उंची देऊन झाली, की टेम्पोत चढून उभा राहा. आपला टेम्पो जागच्या जागी कसा थरथरतो हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. उडीच्या आधी पाय जागे राहतील. मला हे वेडेपणाचं वाटतं. पण तू घरी बसून नखं खाणार, त्यापेक्षा बरं.

अंथरुणाला खिळून राहा.

तुझी,
ताई


ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,

ताठ उभ्याने नमस्कार.

निवड झाली! पहिल्याच ओळीत लिहिलं, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचतेस.

मला चादरीसकट टेम्पोतून उतरताना बघून रांगेतल्या एकाने भावोजींना विचारलं, की पेशंट कुठे न्यायचाय. भावोजींनी गंभीरपणे सांगितलं, की भरतीला. उंची रेघेच्या वर निघाली. मग मी टेम्पोत मागे जाऊन गुडघे वाकवले, वरचा दांडा धरला आणि डोळे मिटले. शेजारीच दलाच्या बंबाचा पंप तपासत होते, कानठळ्या बसत होत्या. पण टेम्पो काय थरथरत होता, ताई! आमचं टेबल त्यापुढे पाळणा.

नंबर पुकारला तेव्हा पाय तसेच लटलट कापत होते. साहेबांनी ते पाहिलं. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, की ज्याला भीतीच वाटत नाही असा माणूस त्यांना नको, तो इतरांना घेऊन जळतो. कापतो आणि तरी पुढे येतो, तो चालेल. मला सांगायचं होतं, की साहेब, ही भीती नाही, टेम्पो आहे. पण त्यांनी खडूच्या पुडीकडे बोट दाखवलं. मग उडीच मारली. हवी होती त्यापेक्षा दोन बोटं जास्त!

आता मनाला एकच टोचणी आहे. त्यांनी मला घाबरट-पण-शूर समजून दलात घेतलं, आणि मी तर नुसता यंत्राने हललो होतो. ही फसवणूक नाही का? खुलासा करणारा अर्ज लिहून ठेवला आहे, शुद्धलेखनही तपासलं आहे. देऊ का?

तुझ्या उत्तराची वाट बघत उभा,
धाकटा


ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, पेढ्याएवढा गोड.

अर्ज आधी फाड आणि मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचल्यापासून हे माझ्या नजरेला नजर देईनात. काल शेवटी खोदून विचारलं. तू उंचीच्या रांगेत होतास तेव्हा पहारेकऱ्याने धुरावरून ओरडून ह्यांना टेम्पो बंद करायला लावला. आग विझवणाऱ्यांच्या आवारात म्हणे धूर चालत नाही. तुला सांगितलं तर तू तिथूनच घरी पळशील, म्हणून हे काही बोलले नाहीत. तू ऐकलास तो आवाज बंबाच्या पंपाचा. किल्ली ह्यांच्या खिशात होती.

टेम्पो थरथरत होता हे मात्र खरं. हे पुढे चहा पीत बसले होते, कपातला चहा हिंदकळून मांडीवर सांडला. पण तो तू हलवत होतास, सोन्या.

साहेबांनी माणूस बरोबर ओळखला. कामावर जा, आणि असाच कापत कापत सुखरूप घरी येत जा.

तुझीच,
ताई