सावित्रीच्या नावावर

४ नोव्हें. ९७, मंगळ.
खोकला परत आलाय. सांजच्याला ताप. अत्तेंना, म्हणजे सासूला, मल्लेश्वरमला घरकाम बघायला जाते सांगून दवाखान्यात गेले.
सिस्टर नेहमीचीच, चष्म्यावाली. "सावित्री, आधी कधी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्यास?"
न्हाई म्हटलं.
"खरं सांग. अर्धवट सोडल्या असतील तर आता औषध वेगळं लागतं."
परत न्हाई म्हटलं.
सावित्री माझी थोरली बहीण. निपाणीला तापानं वारली. दवाखान्यात पहिल्या दिवशी नाव विचारलं, तोंडातून तिचंच आलं. पत्तापण खोटाच दिला, यशवंतपूरचा. मेलेल्या माणसाची बदनामी काय होणार, वाटलं.
ही वही उघडी पडली तरी चालते. अत्ते घरात मराठी बोलतात, वाचायला फक्त कन्नड येतं.

७ नोव्हें.
गोळ्या घेतल्या होत्या. चार महिने. गल्लीतले अण्णा सरकारी टीबी दवाखान्यात कंपाउंडर, त्यांनीच लावून दिल्या. खऱ्या नावावर. शांता. मग हे अंथरुणाला लागले, माझं जायचं राहिलं. मार्चात हे गेले. अत्तेंना वाटतं कावीळ. एड्स होता. माझ्यात पण आहे.
अत्तेंना कळलं तर माझ्या लेकीला, पमीला, ठेवून घेतील आणि मला

११ नोव्हें., मंगळ.
टीबीचं कार्ड नेलं. वरचं नाव कात्रीनं कापून.
सिस्टरनं उलटसुलट बघितलं. "बिननावाचं कार्ड. बसमध्ये सापडलं का ग?" हसली. मग हसायची थांबली. "कुठल्या गोळ्या, किती दिवस चुकल्या, ते तिथल्या रजिस्टरात. दोन्हीकडचे कागद एका फायलीत आल्याशिवाय डॉक्टर लिहिणार काय?"
मी कार्ड परत घेतलं.
"आणि एखाद्या मंगळवारी तू आली न्हाईस तर? यशवंतपूरला जाऊन आले मी. तुझ्या पत्त्यावर लाकडाची वखार आहे."
पमी मांडीवर बसून तिचं पेन चावत होती. दीड वर्षाची झाली की तिच्यात पण आहे का, रक्त बघायचंय. अजून चार महिने.
"तुला काय झालं तर हिला शोधायचं कुठं, अम्मा?"
तशीच उठून आले.

१४ नोव्हें.
थुंकीत रक्त. मोरीत पाणी ओतलं दोन तांबे. अत्ते म्हणाल्या, "स्वल्प गरम पाणी घे ग. पोरीला माझ्याजवळ झोपव." लई माया करतात. त्याचंच भ्या वाटतं.

१८ नोव्हें., मंगळ.
सांगितलं. शांता. गल्ली, घर, सगळं.
सिस्टरनं सावित्री खोडलं, एकच रेघ. मला रडू आवरेना. अक्का दुसऱ्यांदा गेली.
आता फायलीवर नुसता नंबर. नावाची वही कपाटात, कुलपात. टीबी दवाखान्याला चिठ्ठी द्यायची, त्यात आजाराचं नाव न्हाई. पण शिक्का हाच. हा दवाखाना कशाचा ते तिथं सगळ्यांना ठाऊक.
"चिठ्ठी मी डॉक्टरच्याच हातात देणार," म्हणाली.
तिथल्या रजिस्टरच्या कपाटाची किल्ली अण्णांकडं असते, हे मी सांगितलं.
सिस्टरनं पेन खाली ठेवलं. मग, "नको देऊ?"
पमी खोकली. साधंच, बडीशेप अडकली होती.
द्या म्हटलं.

२१ नोव्हें.
चिठ्ठी काल गेली.
अण्णा कामावरून येताना रोज आमच्या दाराशी सायकल थांबवतात. पमीला घंटी वाजवू देतात, "सरी, बरं, आता घरी जाऊ का मॅडम?" विचारतात. मगच जातात.
आज पमी उंबऱ्यात बसलेली, आधीच हात पुढं करून. अण्णा आले. सायकल थांबली न्हाई. पुढं बघत गेले. पमीचा हात तसाच.
अत्ते म्हणाल्या, "काय झालं ग याला आज?"
घाईत असतील, म्हटलं.
मंगळवारी नवीन गोळ्या सुरू.
उद्या परत बसवते पमीला दारात.