चादरीचं दुसरं टोक

प्रिय भिंगरी,

पाठकोऱ्या कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. कॅलेंडरची जुनी पानं आहेत, एक बाजू अगदी कोरी होती, टाकवेना. तुझ्या फोनला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुझी नोकरी सुरू झाली की पिल्लाला दिवसभर आजी-आजोबांकडे ठेवायचं, पण ‘देव बघतोय’ असं सांगून तिला घाबरवायचं नाही, जमत असेल तर सांग, नाहीतर मी पाळणाघर बघते, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, मग ती खोटं का बोलणार नाही, दुसऱ्याची वस्तू का उचलणार नाही, ते तूच सांग. तू हसलीस आणि म्हणालीस, बाबांनी देव कधी मानला? त्यांनी कुणाचं काय उचललं? मी कुकर लावलाय असं सांगून फोन ठेवला. कुकरबिकर काही नव्हता. बघ, मला देव बघत असतानाही मी खोटं बोललेच की.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. डाळ निवडायला बसते आणि खडे वाटीत नि डाळ केरात टाकते. प्रार्थनेला बसले तरी तुझा प्रश्न आधी येऊन बसलेला असतो. मॅट्रिकच्या पुढे काही शिकले नाही, त्यामुळे मुद्देसूद मांडता येणार नाही. जसं आठवेल तसं लिहिते.

तुझे बाबा आता मला ओळखत नाहीत, हे तुला माहीत आहे. कधी मी त्यांची आत्या असते, कधी नर्स. परवा शेजारच्या मास्तरीणबाईंची छत्री काखोटीला मारून घरी आले आणि ती माझीच म्हणून हटून बसले. तेव्हा तुझ्या बाबांना संत ठरवायला मी हे पत्र लिहीत नाहीये. त्यांनी काय काय उचललंय ते मला रोज जिना खाली-वर करून परत नेऊन द्यावं लागतं. मास्तरीणबाई म्हणतात, अहो, राहू द्या, पाऊस कुठे पडतोय! मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पण एक गोष्ट त्यांच्यातून गेलेली नाही. कापडाचं दुकान विकलं तेव्हा मोजायचा लोखंडी मीटर तेवढा घरी ठेवला होता, आठवतो? तुला पाठ खाजवायला फार आवडायचा. सकाळची आंघोळ झाली की ते पलंगावरची चादर ओढून काढतात आणि मोजायला बसतात. मोजून झालं की घडी, घडी मोडून पुन्हा मोजणं. पहिले काही दिवस मी चिडचिड केली. मग वाटलं, हात गुंतलेले आहेत तेवढंच बरं, निदान छत्र्या तरी शाबूत राहतील. शेजारी बसून भाजी चिरताना त्यांच्या हाताकडे बघत राहिले. कापड मीटरच्या टोकाशी आलं की त्यांचा अंगठा तिथे थांबत नाही. बोटभर पुढे सरकतो, मग तिथून पुढचा मीटर सुरू. दर खेपेला. कुणी गिऱ्हाईक नाही, दुकान नाही, समोर आपलीच जुनी चादर. आणि बोटभर जास्त.

तुला आमची दर वर्षीची भांडणं आठवत असतील. माल मोजायचा आला की तागे कमी भरायचे, आणि हिशेब माझ्याकडे असल्यामुळे माझं डोकं फिरायचं. हे म्हणायचे, कापड आटतं. मी म्हणायची, न धुता कसं आटतं हो, माझं तर धुतलं तरी आटत नाही! तू खो खो हसायचीस. ते बोटभर कापड असं गावभर वाटलं गेलं होतं, आणि घेणाऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हाताची सवय सगळ्यात शेवटी जाते. म्हणजे शिकलेलंच ना? पण शिकवलं कुणी? लग्नानंतर त्यांनीच मला सांगितलं होतं, पहिल्यांदा नोकरीला लागले तिथला मालक देवापुढे कपाळ जमिनीला टेकल्याशिवाय गल्ला उघडायचा नाही आणि कापड ताणून मोजायला शिकवायचा. ताणून धरलं की मोजताना लांब भरतं, घरी नेऊन सैल सोडलं की गिऱ्हाइकाला कमी. तुझ्या बाबांनी नोकरी सोडली, पण कारण विचारलं की नुसतं म्हणायचे, जमेना मला. बस, एवढंच. मी तेव्हापासून देवाला सांगत आले, माणूस नास्तिक आहे, सांभाळून घे.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. मधेच उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. बंदच होता.

चादर फरशीवर लोळते, मळते, साबण उगाच जातो, म्हणून परवा मी दुसरं टोक धरलं. त्यांनी अंगठा पुढे सरकवला तशी माझी बोटं आपोआप मागे ओढायला लागली. ताणायला. मला कळलंसुद्धा नाही. तुझ्या बाबांनी मान वर केली, परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले, बाई, ताणू नका. मी म्हटलं, कुणी बघत नाहीये हो. तर म्हणाले, बघत नसलं म्हणून काय झालं? आणि मोजायला लागले.

मला ताणायला कुणीच शिकवलेलं नाही गं. गर्दीच्या दिवसांत कधीतरी दुकानात उभी राहायची, तेवढंच. मग त्यांचं देणं जर आतून आलेलं असेल, तर माझं ओढणंही आतूनच आलं म्हणायचं का? जन्मभर हात जोडले, ती प्रार्थना बोटांपर्यंत पोचलीच नाही? की तिच्यामुळेच मी एवढ्यावर थांबले, नाहीतर चादरच पळवली असती? देवावरचा विश्वास तसूभरही हललेला नाही. फक्त एवढंच कळेनासं झालंय, की त्याने यांना न मागता जे दिलं, ते मला मागूनही का मिळालं नाही.

काल दुपारी तुझे बाबा मीटर हातात घेऊन बराच वेळ नुसते बघत बसले. ही काय वस्तू आहे ते त्यांना आठवेना. मग दाराला टेकवून ठेवला आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. संध्याकाळी पुन्हा मोजलं, अंगठाही सरकला, पण उद्याही सरकेलच असं आता सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. तुझी नोकरी सुरू होईपर्यंत थांबू नकोस, पिल्लाला आधीच घेऊन ये. तुझी अट मला मान्य आहे. मी माझी प्रार्थना करीन, तिला वाटलं तर शेजारी बसेल, पण कुणी बघतंय असं मी तिला सांगणार नाही. चादरीचं दुसरं टोक मात्र तिच्या हातात देऊ. तिची बोटं अजून कोरी आहेत; ती ताणतात की सैल सोडतात, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. आणि ताणलंच तिने, तर नको म्हणायला ते अजून आहेत.

तुझीच,
आई